मला नापास तरी करा



आधी रानातलं. परवा रात्री दीड तास झोडपलं, मापकात २६ मिमी. टोमॅटोच्या सरीत पाणी तुंबलं होतं, काल सकाळी चारी काढून वाटेला लावलं. करपा दिसायला लागलाय, खालची पानं काढून बांधाबाहेर टाकली. कांद्याचं रोप सुखरूप आहे. एवढं झालं की आजचा विषय. तो शेतीचा नाही असं काहींना वाटेल. मला तरी तो शेतीचाच वाटतो.

माझी जमीन दोन तुकड्यांत आहे हे इथले जुने वाचक जाणतात. वस्तीजवळ सव्वादोन एकर आणि कालव्यापलीकडे दीड एकर. मध्ये सातशे मीटर डांबरी रस्ता, आणि पुढे कालव्याच्या कडेची वाट, कुठे सहा फूट तर कुठे साडेपाच. ट्रॅक्टर-ट्रॉली त्या वाटेवर घातली तर परत वळवायला जागा नाही. पिकअप डांबरीवरच थांबते. म्हणजे पलीकडचा टोमॅटो तोडला की क्रेट डोक्यावर. एका क्रेटात वीस-बावीस किलो, आणि तोडणीच्या दिवशी शंभर क्रेट धरा. माणसं मिळत नाहीत. मिळाली तर क्रेट वाहायची वेगळी हजेरी मागतात, आणि त्यांचं चूक नाही, मान मोडते.

म्हणून मी गाडी बनवली. हौस म्हणून नाही, व्हिडिओ करायला तर नाहीच नाही.

भंगारवाल्याकडून २००९ ची ओम्नी घेतली, ३१ हजाराला. तिची आरसी रीतसर रद्द झालेली, चॅसी नंबरचा तुकडा कापून जमा केलेला, त्याचा कागद माझ्याकडे आहे. ओम्नीच का, तर तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. मागे डिफरन्शियल, खाली पाटे. माल वाहायला अशीच बैठक लागते. चॅसी नवीन केली, चॅनेल आणि चौकोनी पाइपची. वेल्डिंग चुलतभावाचं. दादा वीस वर्षं ट्रॉल्या बनवतोय. स्टिअरिंगला मात्र कुठेही वेल्ड मारू दिला नाही, ओम्नीचा अख्खा कॉलम आहे तसा बसवला, कारण तिथला वेल्ड तुटला तर देवही वाचवत नाही. ब्रेकचं सगळं नवीन: मास्टर सिलिंडर, पॅड, लायनर, पाइप. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, मागे रिफ्लेक्टर, हॉर्न, दोन आरसे, सीटबेल्ट. दोन पावसाळे गेले. लेथ, टायर, वायरिंग, सगळं धरून एक लाख आठ हजार. प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे, बायको त्या पिशवीला गाडीची कुंडली म्हणते.

काट्यावर रिकामी गाडी ६४० किलो भरली. वीस क्रेट लादून, पस्तीसच्या वेगात, माळावर ब्रेक दाबून टेपने अंतर मोजलं. एकदा नाही, बारा वेळा. दर वेळी नऊ मीटरच्या आत थांबली. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

एवढं करून गाडी पासिंगला नेली. चालवत नाही नेली. टेम्पोत घालून नेली, कारण नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. टेम्पोभाडं साडेतीन हजार.

खिडकीवर फॉर्म २० दिला. बाईंनी विचारलं, फॉर्म २१ कुठाय? म्हणजे विक्रीचा दाखला, डीलर देतो तो. म्हटलं, मला कुणी विकली नाही, मी बनवली. मग फॉर्म २२? तो गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला, की ही गाडी नियमाप्रमाणे रस्त्यावर चालायला योग्य आहे. म्हटलं, बनवणारा मीच, देतो लिहून. बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या.

मोटार वाहन निरीक्षक मात्र बाहेर आले. मला वाटलं होतं झिडकारतील. ते चक्क वाकून गाडीखाली शिरले. ब्रेक दाबून बघितला, चाक हलवून बघितलं, जोड निरखले. म्हणाले, "वेल्डिंग चांगलंय. रोज बघतो त्या ट्रॉल्यांपेक्षा चांगलंय."

"साहेब, मग पास करा."

"कशात पास करू? कॉम्प्युटरमध्ये मेकरचं नाव आणि मॉडेल निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मग नापास करा. काय चुकलंय तेवढं लिहून द्या, दुरुस्त करून आणतो."

"अहो, नापास करायलासुद्धा फॉर्म लागतो."

त्या माणसावर माझा काडीचा राग नाही. कपड्याला माती लावून त्याने गाडी बघितली. जी तपासणी मला हवी होती ती त्याने पंधरा मिनिटांत अर्धीअधिक केली होती. फक्त ती कुठे लिहायची याला जागा नव्हती.

गेटबाहेर एजंट भेटला. त्याच्याकडे जागा होती. म्हणाला, जुन्या ओम्नीची चालू आरसी मिळवून देतो, तो नंबर तुमच्या चॅसीवर ठोकून घ्या, पस्तीस हजार. म्हणजे सरळ मार्गाला फॉर्म नाही आणि चोरीच्या मार्गाला दरपत्रक आहे. गाडी परत टेम्पोत घातली, पुन्हा साडेतीन हजार, आणि घरी आलो. तेव्हापासून ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आहे. क्रेट डोक्यावरच चाललेत.

त्यानंतर मी या विषयाचा जरा अभ्यास केला. पावसाळ्यात रात्री दुसरं काम नसतं.

अडचण कुठे आहे बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२६ नंबरचा नियम आहे. गाडी बनवणाऱ्याने तिचा पहिला नमुना सरकारमान्य संस्थेत तपासून घ्यायचा. तो पास झाला की त्याबरहुकूम हजारो गाड्या काढायच्या. नियम चांगलाच आहे. तपासणाऱ्या संस्थांची नावंही त्यात आहेत, आणि गंमत अशी की त्यातल्या तीन आपल्या महाराष्ट्रात: पुण्याची एआरएआय, जिच्या नावाने ती टेकडी ओळखतात; पुण्यातलीच सीआयआरटी; आणि नगरची संरक्षण मंत्रालयाची व्हीआरडीई. म्हणजे तपासायला देशातली मोठी माणसं आपल्या दारात बसलेली आहेत. पण ती तपासणी कारखान्याच्या मापाची. तिचा खर्च कंपनी हजारो गाड्यांवर वाटते, माझी गाडी एकच. शिवाय कारच्या काही चाचण्यांत गाडी प्रत्यक्ष आपटून बघतात. एकुलती एक गाडी आपटल्यावर ती पास झाली काय आणि नापास झाली काय, सारखंच.

म्हणजे नियमाने धरलंय की गाडी बनवणारा हा कारखानदारच असणार. एक माणूस एक गाडी बनवेल आणि स्वतःच वापरेल, ही शक्यता नियमात नाहीच. बंदी घातली असती तरी समजलो असतो. इथे बंदीही नाही, नुसता कोरा कागद.

"मग कायद्याच्या बाहेर आहे ना, चालव बिनधास्त," असं आमच्या पारावर एकजण म्हणाला. तसं नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर राजस्थानातल्या जुगाड गाड्यांचं प्रकरण आलं होतं. पाणी उपसायचं इंजिन लाकडी-लोखंडी सांगाड्यावर बसवून माणसं वाहायची, अपघात झाला की भरपाई कोण देणार हा प्रश्न. न्यायालय म्हणालं, जुगाड ही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मोटार गाडीच आहे, तिला नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं. निकाल माझ्या मते बरोबर आहे. पण आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. एक म्हणतो, तुझी गाडी ही मोटार आहे, नोंद कर. दुसरा म्हणतो, तू कारखाना नाहीस, नोंद होणार नाही. यातून बाहेर पडायला तिसरा कागद लागतो आणि तो कुणी छापलेलाच नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या शिवारात एका आबांनी माझ्याआधी चार वर्षं अशीच गाडी केली होती. जुनं डिझेल इंजिन, ट्रॉलीचा सांगाडा, ब्रेक एकाच बाजूला लागायचा. दिवे नव्हते. मी एकदा म्हणालो, "आबा, निदान मागं लाल दिवा तरी लावा." म्हणाले, "दिवा लावला की लांबनं दिसतं बाबा. पोलिसालाबी दिसतं." म्हणून ते दिवस मावळल्यावर, अंधार पडता पडता, दिवे न लावता डांबरी ओलांडायचे. आपण बेकायदा आहोत हे माहीत असलेला माणूस काय करतो, तर लपतो. आणि रस्त्यावर लपण्यासारखी धोक्याची गोष्ट नाही.

गेल्या वर्षी माघात एक पोरगा मोटारसायकलवरून त्यांना मागून धडकला. मांडीचं हाड तुटलं, रॉड टाकला, कॉलेजचं वर्ष गेलं. गाडीला नंबर नाही म्हणून विमा नाही. कुठली कंपनी नंबर नसलेल्या गाडीला विमा देईल? आबांनी दोन गाई विकल्या आणि सोसायटीचं कर्ज काढलं, तरी दवाखाना पुरा फिटला नाही. पोराचे वडील आमच्यातलेच, त्यांनी तक्रार केली, करणारच. केस चालू आहे. दोन्ही घरं बुडाली आणि त्यातली कुठलीही श्रीमंत नव्हती.

आबांची गाडी चुकीचीच होती. माझ्या निरीक्षकाने ती दोन मिनिटांत नापास केली असती आणि करायलाच हवी होती! पण तिला नापास करायला कुणी बोलावलंच नाही. अशा गाड्या तुमच्याही भागात आहेत, नाही म्हणू नका. ऊसपट्ट्यात हंगामात काय काय पळतं ते रात्री बघा. अंगद म्हणा, जुगाड म्हणा, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, आणि मागची खूण म्हणून एक लाल फडकं, तेही चिखलाने काळं झालेलं. दार बंद ठेवल्यामुळे एकही गाडी थांबली नाही. थांबलं काय, तर दिवे लावणं आणि विमा काढणं.

यावर मला हमखास ऐकवतात ते हे, की सरकारने एकेका गाडीसाठी नियम करत बसायचं का? तर करतं की. करायचं असलं म्हणजे करतं.

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. व्हिंटेज गाड्या. त्यांना नंबरात व्हीए अशी स्वतंत्र अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार फी. रोजच्या कामाला त्या वापरायच्या नाहीत, प्रदर्शन आणि रॅलीपुरत्या बाहेर काढायच्या. छान केलं, जुनी गाडी जपणारा माणूस मलाही आवडतो. पण त्या गाड्यांना एअरबॅग आहे का? धुराचे आजचे नियम त्या पाळतात का? नाही. तरी अटी घालून दार उघडलं. त्याआधी २०१८ साली आणखी एक दार उघडलं. परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या कंपनीने वर्षाला अडीच हजारांपर्यंत आणल्या तर त्यांना इथल्या नमुना-चाचणीतून सूट. कारण काय, तर थोड्या गाड्यांसाठी एवढी चाचणी परवडत नाही. अहो, मी दुसरं काय म्हणतोय! अडीच हजारांना परवडत नाही, मग एकाला कसं परवडेल?

ई-रिक्षाचं आठवा. २०१४ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या ई-रिक्षा बंद केल्या. त्याही नोंदणीविना, विम्याविना चालत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात नियम निघाले आणि २०१५ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. काही महिन्यांचं काम. तिथे लाखभर कुटुंबांचं पोट होतं आणि, खरं बोलायचं तर, मतंही होती. आमची पोटं शिवारात विखुरलेली, एका चौकात मावत नाहीत.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात तेही शोधलं, भाच्याने इंग्रजी समजून घ्यायला मदत केली. ब्रिटनमध्ये घरी गाडी जोडणं हा जुना उद्योग आहे. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ ला व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण घरी गाडी बांधणारे संपले नाहीत. त्याला ते किट कार म्हणतात. आज तिथे अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, तिला आयव्हीए म्हणतात. आपण बांधलेली गाडी घेऊन केंद्रावर जायचं. निरीक्षक दिवे, आरसे, ब्रेक, आवाज, धूर, सीटबेल्टचे बोल्ट कशात रुतलेत ते, सगळं बघतो. बाहेरच्या कडा किती गोल हव्यात याचंसुद्धा माप आहे, अडीच मिलिमीटर. म्हणजे कुणाला धक्का लागला तर पत्र्याने कापू नये. धुराची पातळी इंजिनाच्या वयाप्रमाणे ठरते. पहिल्या वेळी नापास होणारे खूप असतात. त्यांना यादी मिळते, ते दुरुस्त करून परत येतात. पुढे नोंदणीला भागांच्या पावत्या लागतात, म्हणजे चोरीचा माल नाही हे कळावं. आणि गाडी कुठल्या वर्षाची हेच ठरत नसेल तर क्यू अक्षराचा नंबर देतात. रस्त्यावर पोलिसाला लांबूनच कळतं, ही घरची गाडी, पण तपासलेली.

पावत्या! माझी कुंडलीची पिशवी तिथे चालली असती.

जर्मनीत एकेका गाडीला मान्यता द्यायची सोय आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, जिथे धुराचे नियम सगळ्यात कडक, तिथेही घरी बांधलेल्या गाड्यांना वर्षाला ५०० पर्यंत वेगळी सवलत मिळते आणि त्यांची धुराची पातळी बॉडी किंवा इंजिनाच्या मॉडेलवर्षाप्रमाणे धरतात. आपल्याकडे मात्र १ एप्रिल २०२० नंतर बीएस-६ शिवाय नवी नोंदणी नाही. माझं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे फॉर्म असता तरी तिथे अडलो असतो. प्रदूषणाची काळजी मलाही आहे. पण वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा न चालणारी गाडी आणि पुण्यातल्या रस्त्यावर रोज रांगेत उभ्या असलेल्या गाड्या यांना एकच माप लावणं म्हणजे ठिबकच्या नळीला कालव्याचा दर लावण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. दार उघडलं की उद्या प्रत्येक गॅरेजवाला गाड्या बनवून विकायला लागेल, त्यात शाळेची पोरं कोंबतील. बरोबर आहे. आपल्या लोकांना मी ओळखतो, त्यात मीही आलो. म्हणून अटी घाला. एका माणसाला आयुष्यात एक किंवा दोनच गाड्या. पाच वर्षं विकता येणार नाही. भाड्याने माणसं किंवा माल न्यायचा नाही. वेग चाळीसच्या वर जाणार नाही अशी सोय गाडीतच हवी. घरापासून पंधरा किलोमीटरच्या बाहेर नाही, महामार्गावर नाही. नंबरप्लेट वेगळ्या रंगाची करा, लांबून ओळखू येऊ दे. राज्यात वर्षाला पाचशेच गाड्या तपासा. तपासणी दर तीन महिन्यांनी एक दिवस, त्या तीन संस्थांपैकी कुठल्याही आवारात, खर्च आम्ही भरतो. हे मी जाता जाता बोलत नाही, अर्जात कलमवार लिहिलंय.

नवा कायदाही लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११० व्या कलमात गाडीच्या बांधणीचे नियम करायचा आणि एखाद्या वर्गाच्या गाड्यांना सूट द्यायचा अधिकार केंद्राकडे आहेच. वेगावर आणि ताकदीवर रेघ मारायची सवयही सरकारला आहे. २५० वॉटच्या आतली आणि २५ च्या आत पळणारी विजेची दुचाकी मोटार गाडी धरतच नाहीत, तिला नंबर लागत नाही. मी तर तेवढंही मागत नाही. मला नंबर हवाय. लोक नंबर चुकवायला बघतात, मी नंबर मागत फिरतोय.

निरीक्षकांना वेळ नाही म्हणाल, तर शोरूममधून विकली जाणारी तयार गाडी आता नोंदणीसाठी आरटीओपुढे उभी करावी लागत नाही, तसा बदल २०१९ च्या दुरुस्तीत झाला. कारखान्याच्या गाडीवर विश्वास टाकला, चांगलं झालं. वाचलेला वेळ ज्या गाडीवर विश्वास टाकता येत नाही तिच्याकडे वळवा.

सांगली जिल्ह्यातल्या त्या वर्कशॉपवाल्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. भंगारातून छोटी जीप केली, साठेक हजारात, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला, कौतुक केलं, आणि त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी थांबवतील, म्हणून हिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. पुढच्या महिन्यात दिलीही. माणूस शब्दाला जागला, त्याबद्दल मान आहे. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, मीही पोस्ट पुढे पाठवली होती. आता मागे वळून बघतो तर वाटतं, त्या टाळ्यांत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. गाडी थांबवली जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ती तपासा, असं एकानेही म्हटलं नाही. अशा प्रत्येक गाडीमागे बोलेरो द्यायला कुणी येणार नाही. आणि बोलेरो माझ्या साडेपाच फुटी वाटेवर कशी बसणार?

एक कबुली. दोन वेळा मी गाडी डांबरीवर घातली आहे. एकदा वादळ येत होतं आणि ऐंशी क्रेट पलीकडे पडले होते. दुसऱ्यांदा मोह झाला, दुसरं कारण नाही. दिवे लावून, हॉर्न वाजवत, वीसच्या वेगात सातशे मीटर गेलो, आणि पूर्ण वेळ पोटात गोळा होता. आबांचा तो पोरगा डोळ्यासमोर येत होता. माझे ब्रेक लागतात, माझे दिवे पेटतात, पण समोरून कुणी घसरून माझ्यावर आला तर कोर्टात माझी आणि आबांची गाडी एकच. बारा वेळा मोजलेली ती वही तिथे कुणी उघडणार नाही. तिसऱ्यांदा घातली नाही.

अर्ज तीन ठिकाणी पाठवलाय, रजिस्टर पोस्टाने: परिवहन आयुक्त, आमचे आमदार आणि दिल्लीचं मंत्रालय. ब्रेकच्या वहीच्या झेरॉक्स आणि पावत्यांची यादी जोडली आहे. अर्जाच्या शेवटी एकच ओळ ठळक केली: गाडी पास करा असं म्हणणं नाही, तपासा एवढंच म्हणणं आहे. ज्यांनी अशी गाडी बनवली आहे आणि गोठ्यात झाकून ठेवली आहे त्यांनी मला मेसेज करा, अर्जाचा नमुना पाठवतो. ज्यांची गाडी बिनदिव्याची पळते त्यांनी आधी बाजारातून रिफ्लेक्टरची टेप आणा, शे-दीडशे रुपयांत मिळते, आणि मग मेसेज करा.

परवा पलीकडच्या तुकड्याची चौथी तोडणी आहे. चार माणसं सांगितली आहेत, दोन नक्की येतील. भाव पडलाय, क्रेटला काल अडीचशे होता. ताडपत्री वाऱ्याने उडाली होती, गाडीच्या हौद्यात पाणी साचलं होतं ते उपसून काढलं आणि इंजिन पाच मिनिटं चालू करून ठेवलं. पहिल्या सेल्फला चालू झालं.